नाणेनिधीकडची सतरावी खरेदी: श्रीलंकेने घेतलेल्या विस्तारित निधी सुविधेचं परीक्षण

दुकान जुनं, गिऱ्हाईकही जुनं. देशाचं नाव अजून सिलोन होतं तेव्हा, 1965 साली, कोलंबोने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे पहिला कार्यक्रम घेतला. 20 मार्च 2023 रोजी मंजूर झालेला हा सतरावा. मुदत 48 महिने, रक्कम 2,286 दशलक्ष एसडीआर (हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने 3 अब्ज डॉलर. नाणेनिधीच्या यादीत याचं नाव विस्तारित निधी सुविधा. अडचण तात्पुरती नाही, मुळातलीच आहे, अशा देशांना ती दिली जाते.

एक गैरसमज आधी दूर करू. ही सेवा पैशासाठी कुणी घेत नाही. श्रीलंकेच्या डोक्यावर त्या वेळी सुमारे 51 अब्ज डॉलरचं परकीय कर्ज होतं. नाणेनिधीचे 3 अब्ज एकदम मिळत नाहीत. सुरुवातीला एक आणि पुढे आठ सहामाही आढाव्यांनंतर प्रत्येकी एक, असे नऊ हप्ते. एक हप्ता 254 दशलक्ष एसडीआरचा, म्हणजे 33-35 कोटी डॉलर. याच देशाने तिजोरीत खडखडाट असताना, 18 जानेवारी 2022 ला, एका रोख्याची परतफेड म्हणून 50 कोटी डॉलर एका दिवसात चुकते केले होते. खरा माल आहे तो शिक्का. हा देश ठरलेल्या वाटेने चालला आहे, असं नाणेनिधीने लिहून दिलं की विश्व बँक आणि आशियाई विकास बँकेची दारं उघडतात आणि कर्ज देणारे सगळे एका टेबलाशी बसतात. हप्ता ही त्या शिक्क्याची पोचपावती.

खरेदीची रीत समजून घेतली तर गिऱ्हाइकाने कुठे घोळ घातला तेही कळतं. नाणेनिधीचा एक नियम पक्का आहे: ज्या देशाचं कर्ज फेडण्यापलीकडे गेलं आहे, त्याला तो कर्ज देत नाही. आधी जुन्या धनकोंनी सवलत देण्याची हमी द्यायची, मग इथलं कुलूप उघडणार. श्रीलंकेचं कर्ज झेपण्यापलीकडे आहे हे नाणेनिधीने मार्च 2022 मध्ये उघडपणे सांगितलं. आकडे त्याच्या कितीतरी आधीपासून तेच सांगत होते, पण सरकार आणि तेव्हाची मध्यवर्ती बँक 'आम्हाला गरज नाही' यावर अडून बसली. डॉलरचा भाव श्रीलंकेच्या 200 रुपयांच्या आसपास रोखून धरण्यात गंगाजळी आटली. मार्चमध्ये रुपया सोडून द्यावा लागला आणि काही आठवड्यांत डॉलर 360 च्या घरात गेला. 12 एप्रिलला परकीय कर्जफेड थांबवल्याची घोषणा झाली, आणि 18 मेला 7.8 कोटी डॉलरच्या व्याजाची वाढीव मुदतही टळली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिली थकबाकी. डॉक्टरकडे वेळेत गेले असते तर निदान आयसीयूचा खर्च वाचला असता, असं म्हणायला इथे पुरेपूर जागा आहे.

पुढच्या पायऱ्या अशा. कर्मचारी पातळीवरचा, म्हणजे नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी प्राथमिक, करार 1 सप्टेंबर 2022 ला झाला. मग पूर्वअटी, म्हणजे नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळासमोर कागद जाण्याआधी स्वतः करून दाखवायची कामं: करवाढ, वीजदरवाढ, शेवटी मार्च 2023 मध्ये मुख्य व्याजदरात आणखी एक टक्का वाढ. आणि धनकोंची हमी. गाडी अडली ती इथे. भारताने जानेवारी 2023 मध्ये सर्वांत आधी हमी दिली. चीनच्या एक्झिम (आयात-निर्यात) बँकेचं पहिलं पत्र दोन वर्षांच्या सवलतीपुरतं होतं, ते नाणेनिधीला पुरेना. चालेल असं पत्र मार्चमध्ये आलं. करारापासून मंजुरीपर्यंत साडेसहा महिने गेले. चीन, भारत आणि जपान हे तीन मोठे सरकारी धनको एका टेबलाशी बसायला तयार नसले की हा टप्पा असाच रेंगाळतो. शेवटीही चीनने वेगळाच हिशेब केला: 26 जून 2024 ला भारत, जपान आणि फ्रान्स सहअध्यक्ष असलेल्या धनको देशांच्या समितीशी 5.8 अब्ज डॉलरचा करार झाला, आणि चीनच्या एक्झिम बँकेशी 4.2 अब्जांचा स्वतंत्र.

आता किंमत. दर्शनी व्याज स्वस्त आहे: डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांच्या टोपलीवर ठरणारा एसडीआरचा तरता दर, त्यावर नाणेनिधीचा एक टक्का. नोव्हेंबर 2024 पासून तो 0.6 टक्क्यांवर आला. प्रत्येक हप्त्यावर अर्धा टक्का सेवाशुल्क. परतफेड साडेचार वर्षांनी सुरू होऊन दहाव्या वर्षी संपते, सहामाही बारा हप्त्यांत. बाजारात थकबाकीदार देशाला या भावात कुणी दारातही उभं करणार नाही.

बारीक अक्षरांत मात्र अधिभार आहे. देशाच्या कोट्याच्या, म्हणजे नाणेनिधीतल्या त्याच्या वर्गणीच्या, 187.5 टक्क्यांपलीकडे उचल गेली की वरच्या रकमेवर दोन टक्के जादा, अशी जुनी मर्यादा होती. श्रीलंकेचा कोटा 578.8 दशलक्ष एसडीआर, म्हणजे मर्यादा 1,085 दशलक्ष. पाच हप्ते उचलले की 1,270, मर्यादा पार. नोव्हेंबर 2024 मध्ये ती 300 टक्क्यांवर, म्हणजे 1,736 दशलक्षांवर नेली, त्यामुळे नवी उचल सातव्या हप्त्याला ती ओलांडते. आधीच्या, 2016 च्या कार्यक्रमाची बाकी धरली तर त्याआधीच. जो जास्त अडचणीत तो जास्त उचलतो आणि जो जास्त उचलतो त्यालाच दंड. ही रचना सावकारी थाटाची आहे, सवलत दिल्यानंतरसुद्धा.

पेटीतले सगळे भाग सारख्या दर्जाचे नाहीत.

सर्वांत मजबूत भाग मध्यवर्ती बँकेचा. सरकारची तूट नोटा छापून भरायची ही सवय सप्टेंबर 2022 च्या 69.8 टक्के महागाईमागचं एक मोठं कारण होती. अन्नधान्याची महागाई तर त्या महिन्यात 94.9 टक्के होती. 2023 च्या 16 क्रमांकाच्या कायद्याने हे दार बंद केलं. सरकारचे रोखे थेट विकत घ्यायला बँकेला मनाई, अर्थखात्याचे सचिव नियामक मंडळाबाहेर, आणि महागाईचं लक्ष्य 5 टक्के. सलग दोन तिमाही लक्ष्याच्या दोन टक्क्यांपलीकडे चूक झाली तर संसदेला लेखी कारणं द्यायची. गंमत अशी की हे कलम वापरायची वेळ आली ती महागाई वाढली म्हणून नाही, फार उतरली म्हणून. फेब्रुवारी 2025 मध्ये कोलंबोतली किंमतपातळी वर्षभरापूर्वीपेक्षा 4.2 टक्क्यांनी खाली होती आणि बँक त्याचं स्पष्टीकरण देत होती. यंत्र दोन्ही बाजूंनी चालतं याची ही खूण. वीजदर खाली खेचल्याचा मोठा वाटा त्या उतारात होता, तेव्हा श्रेय मोजून द्यावं.

दुसरा भाग करवसुलीचा. तो चालतो, पण आवाज फार करतो. मूळ बिघाड असा: नोव्हेंबर 2019 मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दोन आठवड्यांच्या आत व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आला, नोंदणीची मर्यादा वर्षाला 1.2 कोटी रुपयांच्या उलाढालीवरून थेट 30 कोटींवर गेली, पगारातून होणारी करकपात बंद झाली. तेव्हा नाणेनिधीचा 2016 चा कार्यक्रम चालू होता. शेवटचा हप्ता न उचलताच तो संपला. दुरुस्ती त्याच क्रमाने उलटी झाली. व्हॅट जून 2022 मध्ये 12, सप्टेंबरमध्ये 15, जानेवारी 2024 मध्ये 18 टक्के. नोंदणीची मर्यादा आधी 8 कोटी, मग 6 कोटी. पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसची सूट रद्द. आयकराची करमुक्त मर्यादा जानेवारी 2023 पासून वर्षाला 12 लाख आणि वरचा दर 36 टक्के. सरकारी उत्पन्न 2022 मध्ये देशांतर्गत उत्पादनाच्या 8.2 टक्के होतं, 2024 मध्ये ते 13.5 टक्के झालं. दोन वर्षांत एवढी चढण फार थोड्या देशांनी केली आहे.

मध्येच ठेच लागली ती पहिल्याच आढाव्याला. 2023 च्या पूर्वार्धात वसुली अपेक्षेपेक्षा कमी पडली, पथक सप्टेंबरमध्ये करार न करता परतलं आणि हप्ता डिसेंबरवर गेला. कारण साधं: दर वाढवणं हे राजपत्रातल्या एका ओळीचं काम, वसूल करणाऱ्या खात्याची संगणकव्यवस्था, माणसं आणि सवयी मात्र एका ओळीत सुधारत नाहीत. श्रीमंतांच्या वाट्याचा कर मागेच राहिला, हे तर त्याहून बोलकं. मालमत्ता कर 2025 साठी ठरला होता. त्याच्या जागी घराच्या मानीव (मिळू शकेल असं धरलेल्या) भाड्यावरचा कर सुचवला गेला, तोही पुढे ढकलला गेला. गॅसच्या सिलिंडरवरचा व्हॅट वेळेवर सुरू झाला.

वीजदराचा भाग सर्वांत कच्चा. पुरवठ्याचा खर्च दरातून निघाला पाहिजे, ही अट. ऑगस्ट 2022 मध्ये सरासरी 75 टक्के वाढ, फेब्रुवारी 2023 मध्ये 66. मग जुलैत 14.2 टक्के कपात, ऑक्टोबरमध्ये 18 टक्के वाढ, मार्च 2024 मध्ये 21.9 टक्के कपात, जुलैत आणखी 22.5. जानेवारी 2025 मध्ये, नवं सरकार आल्यावर, 20 टक्के कपात. ही शेवटची कपात खर्चाच्या खाली गेली, सिलोन विद्युत मंडळ पुन्हा तोट्यात घसरलं, आणि चौथ्या आढाव्याआधी जून 2025 मध्ये 15 टक्के वाढ पूर्वअट म्हणून करून घ्यावी लागली. पाऊस चांगला झाला की धरणांतून स्वस्त वीज मिळते, तेव्हा दर उतरणं ठीक. पण दर कधी आणि किती हलवायचा हे सूत्राऐवजी मर्जीवर राहिलं की निवडणुकीचा वास लागतोच. छोट्या गिरणीवाल्याने किंवा बेकरीवाल्याने तीन वर्षांत आठ वेळा बदललेल्या दरावर आपल्या मालाचा भाव कसा बांधायचा, हा प्रश्न कुठल्याच आढाव्यात नाही.

राजकीय वादळात ही सेवा टिकते का, हे तपासायला श्रीलंकेइतकी चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. 31 मार्च 2022 च्या रात्री मिरिहानातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोर लोक जमले. 9 एप्रिलपासून कोलंबोतल्या गॉल फेस मैदानावर आंदोलकांचा तळ पडला. 9 मेला पंतप्रधान महिंदा राजपक्षे पायउतार झाले. 9 जुलैला राष्ट्राध्यक्षांचा वाडा लोकांनी ताब्यात घेतला, 13 तारखेला गोटाबाया मालदीवला पळाले. 20 जुलैला संसदेने 134 मतांनी रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. स्वतःच्या पक्षाची एकच जागा असलेला माणूस राजपक्षेंच्या पक्षाच्या आधारावर करवाढ करतो, हे चित्र विचित्र होतं, पण कार्यक्रमावर सही त्याच माणसाची आहे. किंमत लोकशाहीने मोजली: मार्च 2023 च्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत या कारणाने टळल्या, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. नाणेनिधीची कुठलीही अट निवडणुका टाळा असं सांगत नव्हती. खर्चकपातीचं निमित्त मात्र आयतं हाताशी होतं.

खरी परीक्षा सप्टेंबर 2024 ची. कराराच्या अटी बदलून घेऊ म्हणणारे अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला 225 पैकी 159 जागा मिळाल्या. आता करार फाटणार, अशी धास्ती होती. बदललं ते एवढंच: आयकराची करमुक्त मर्यादा एप्रिल 2025 पासून 12 वरून 18 लाखांवर गेली. मधल्या नोव्हेंबरात तिसऱ्या आढाव्याचा करार झाला, अर्थसंकल्प अटींत बसतो हे पाहून फेब्रुवारी 2025 मध्ये मंडळाने हप्ता सोडला.

जे कायद्यात उतरलं ते सत्ताबदलातून वाचलं आणि जे अधिकाऱ्याच्या किंवा मंत्र्याच्या निर्णयावर राहिलं ते डुगडुगलं, असं या तीन वर्षांवरून दिसतं. मध्यवर्ती बँकेचा कायदा टिकला. 2024 च्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायद्याने व्याजाखेरीजचा खर्च उत्पादनाच्या 13 टक्क्यांवर बांधला, तोही टिकला. वीजदर हलला. इंधनदराचं सूत्र तर 2018 मध्ये एकदा आणून गुंडाळलं होतं, मे 2022 मध्ये परत आणावं लागलं. पण कायदा म्हणजे तिजोरीचं कुलूप नव्हे, उंबरठा आहे. 159 जागांवाल्याला तो एका आठवड्यात ओलांडता येतो. म्हणूनच थकलेल्या आंतरराष्ट्रीय रोख्यांच्या बदली डिसेंबर 2024 मध्ये दिलेल्या नव्या रोख्यांत एक प्रकार असा आहे की सरकारने करवसुलीची आणि पारदर्शकतेची लक्ष्यं गाठली तर व्याज उतरतं. शिस्तीला संसदेच्या मतापेक्षा पैशाचं आमिष जास्त धरून ठेवील, हा त्यामागचा हिशेब.

याच अदलाबदलीतली दुसरी कलमं मात्र डोळे उघडे ठेवून वाचावीत. 12.55 अब्ज डॉलरच्या आंतरराष्ट्रीय रोख्यांच्या मुद्दलात 27 टक्के कपात झाली, पण ती पक्की नाही. 2025 ते 2027 या वर्षांतलं सरासरी उत्पादन डॉलरमध्ये अंदाजापेक्षा वर गेलं तर 2028 मध्ये रोखेधारकांचा वाटा वाढतो. खाली राहिलं तर कपात आणखी होते. रुपया वधारला तरी डॉलरमधलं उत्पादन फुगतं, लोकांच्या ताटात काही वाढलं नसलं तरी. शिवाय नाणेनिधीचं लक्ष्यच सैल आहे: 2022 मध्ये उत्पादनाच्या सुमारे 128 टक्के असलेलं कर्ज 2032 पर्यंत 95 टक्क्यांखाली. तोवर, 2027 ते 2032 दरवर्षी परकीय चलनातली कर्जफेड उत्पादनाच्या 4.5 टक्क्यांपर्यंत चालेल, असं गृहीत आहे. सरकारी धनकोंची फेड मोठ्या प्रमाणात 2028 नंतर सुरू होते. म्हणजे कार्यक्रम संपून वर्ष उलटत नाही तोच खरं बिल येतं. कपात आणखी खोल मागायला हवी होती, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ चुकीचे वाटत नाहीत.

देशातल्या देशात ही कपात कुणाच्या अंगावर पडली हे पाहिलं की सेवेचा सर्वांत वाईट गुण दिसतो. जुलै 2023 मध्ये संसदेने देशांतर्गत कर्जाची फेररचना मान्य केली. बँकांना सरकारी रोख्यांच्या अदलाबदलीतून वगळलं, कारण त्या कोसळल्या तर ठेवीदार दारात येतील. बोजा गेला भविष्यनिर्वाह निधींवर: नवे रोखे घ्या, व्याज 2025 पर्यंत 12 टक्के आणि नंतर 9, न घेतल्यास उत्पन्नावरचा कर 14 वरून 30 टक्के. कामगाराच्या निवृत्तीच्या पैशापुढे ठेवलेला हा पर्याय नावापुरताच. विश्व बँकेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये दारिद्र्य 25 टक्क्यांवर पोहोचलं होतं, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. त्यावरचा उतारा म्हणून जुन्या समुर्धी योजनेच्या जागी जुलै 2023 मध्ये अस्वेसुमा आली, पैसे थेट बँक खात्यात. कल्पना बरोबर, पण यादीतून खरे गरजू सुटल्याच्या तक्रारींचा पहिल्याच वर्षी पाऊस पडला. करवाढीला अंमलबजावणीची तारीख होती. गरिबांच्या यादीला अपिलांची रांग होती.

एक गोष्ट मात्र नाणेनिधीने आशियात पहिल्यांदा इथे केली आणि ती चांगली केली. कारभाराची तपासणी. सप्टेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात भ्रष्टाचार कुठल्या खिडकीतून शिरतो हे खात्यांनुसार लिहिलं आहे, सोळा तातडीच्या शिफारशींसह. श्रीलंकन एअरलाइन्ससारख्या तोट्यातल्या संस्थांचं काय करायचं, यावर मात्र सगळेच अजून घुटमळत आहेत.

कुणी घ्यावी? गंगाजळी तीन महिन्यांच्या आयातीपेक्षा खाली गेली, चलनाचा भाव कृत्रिमपणे धरून ठेवला आहे आणि मोठा रोखा वर्षभरात परत करायचा आहे, अशा देशाने ही सेवा घ्यावी, आणि रोखा फेडण्याआधी घ्यावी. पहिल्या दिवशीच कर्जसल्लागार नेमावेत. श्रीलंकेने लाझार्ड आणि क्लिफर्ड चान्स यांना नेमलं ते थकबाकी झाल्यावर. धनकोंमध्ये चीन असेल तर वेळापत्रकात सहा महिने जास्त धरावेत. वीज आणि इंधनाचं सूत्र पहिल्या आढाव्याआधी कायद्यात घालून घ्यावं. उत्पन्नावरचा आणि मालमत्तेवरचा कर व्हॅटच्या आधी लावावा, नंतर तो लागत नाही.

चौथ्या आढाव्यानंतर, जुलै 2025 मध्ये, एकूण उचल 1.74 अब्ज डॉलर झाली. पाचव्याचा करार ऑक्टोबरमध्ये ठरला, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने बेटाला झोडपलं. वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून डिसेंबरमध्ये त्याच दुकानातलं दुसरं उत्पादन घेतलं: तातडीचा वित्तपुरवठा, 20.6 कोटी डॉलर, एकरकमी, आढाव्यांशिवाय. परतफेड सव्वातीन ते पाच वर्षांत, म्हणजे तिचे हप्तेही 2028 नंतरच्याच त्या वर्षांत येऊन पडणार.